अपघाताचा पेशंट आणि पहिला तास: कोकणातल्या छोट्या दवाखान्यासाठी भिंतीवरचं एक पान

डॉ_रानवट

मंडळी, मी राजापूर-लांजा पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. तालुक्यातले आम्ही काही सरकारी आणि खासगी डॉक्टर मिळून जखमी पेशंटसाठी एक पान तयार करतोय. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावायचं, मराठीत, रात्रपाळीच्या सिस्टरला आणि वॉर्डबॉयलाही वाचता येईल असं.

पुस्तकांतली मार्गदर्शक तत्त्वं वाईट नाहीत. पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेजारच्या खोलीतलं सीटी स्कॅन, खालच्या मजल्यावरची रक्तपेढी आणि रात्री जागा असलेला सर्जन असतो. आमच्याकडे संध्याकाळनंतर एक्सरे काढायला माणूस नसतो. पेशंटही वेगळे. हायवेवरचे आहेतच, पण एप्रिल-मेमध्ये आंब्यावरून पडलेले, पावसाच्या तोंडावर कौलं चाळताना घसरलेले, चिरेखाणीत हात अडकलेले, ट्रॉलरवर जाळं ओढताना बोटं गेलेले, गव्याने उडवलेले. पुढे पाठवायचं तर रत्नागिरी, नाहीतर अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर खाली गोव्यात बांबोळी. पेशंट आमच्याकडे थोडा वेळ आणि गाडीत बराच वेळ असतो, हे धरूनच पान लिहायला हवं.

माझं मत असं, की या पानावर दोनच गोष्टी ठळक हव्यात: पाठवण्याआधी काय झालंच पाहिजे, आणि कशासाठी थांबायचं नाही. बाकी सगळं पुस्तकात आहे. डॉक्टर, सिस्टर, १०८ वाले, नातेवाईक, सगळ्यांनी लिहा. शिव्याही चालतील, मुद्द्याला धरून.

ओली_सुकट

पहिला! आता वाचतो.

कुडाळकरीण

शिव्यांची परवानगी दिलीत म्हणून लिहिते. आमचे बाबा पोफळीवरून पडले. पहिल्या ठिकाणी सलाईन लावलं, एक्सरे काढला, दोन तास ठेवलं आणि मग चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर काय होतं? "पुढील उपचारासाठी वरच्या केंद्रात." एवढंच. किती वाजता पडले, बीपी किती होतं, कुठलं इंजेक्शन दिलं, काही नाही. दुसऱ्या ठिकाणी सगळं परत पहिल्यापासून, एक्सरेसुद्धा. तिसऱ्या ठिकाणी खाट मिळाली. बाबा आता काठी घेऊन चालतात, पण तो प्रवास आठवला की अजून संताप येतो. हॉस्पिटलांची नावं घेत नाही, त्यातली माणसं वाईट नव्हती. कोणालाच आधी काय हे माहीत नव्हतं.

तुमच्या पानाच्या पाठीमागे चिठ्ठीचा नमुना छापा. वेळेचे रकाने असलेला.

शंभरआठ

@कुडाळकरीण +१००. मी १०८ वर डॉक्टर म्हणून काम करतो. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण अजूनही निम्म्या वेळा आम्हाला "पेशंट तयार आहे, या" एवढाच निरोप मिळतो. पुढच्या हॉस्पिटलला फोन केलाय का विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. फोन न करता निघालं की घाट चढून वर गेल्यावर कळतं, सर्जन रजेवर. मग तिथून पुढे.

पानावर पहिलं वाक्य फोनचं हवं. पेशंट टेबलावर घेतानाच एकाने फोन लावायचा, तपासणी संपल्यावर नाही. कोणत्या दुखापतीला कुठे, हे नंबरसकट भिंतीवर लिहा. न्यूरोसर्जन कुठे असतो हे रात्री दोन वाजता शोधायची गोष्ट नाही.

जुना_सर्जन

हे एकपानी प्रकार मी खूप पाहिले. भिंतीवर कागद लागतो, त्यावर धूळ बसते, माणूस तसाच मरतो. हात लावून पोट तपासायला शिकवा, नाडी मोजायला शिकवा. तरुण डॉक्टर हल्ली पेशंटकडे कमी आणि मॉनिटरकडे जास्त बघतात. चौकटी भरत बसले की डोकं बंद होतं.

वॉर्ड_नंबर_३

सर, आदर ठेवून सांगते. रात्री कॅज्युअल्टीत एक डॉक्टर, एक सिस्टर आणि अपघाताच्या जीपमधून आलेले सहा जण असतात, तेव्हा डोकं आधीच बंद झालेलं असतं. कागद त्यासाठी लागतो. बाळंतपणात अंगावरून जास्त जायला लागलं तर काय करायचं याचा तक्ता आमच्या लेबर रूममध्ये आहे आणि त्यावर धूळ नाही, कारण तो आम्ही वापरतो.

पामर_परदेशी

जुना_सर्जन यांच्या मुद्द्याला एक मजेशीर इतिहास जोडतो. जखमींच्या तातडीच्या उपचारांचा, आज जगभर शिकवला जाणारा एटीएलएस कोर्स कुठून आला? १९७६ साली जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या सर्जनचं छोटं विमान नेब्रास्काच्या शेतात कोसळलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी. जवळच्या खेड्यातल्या दवाखान्यात जे उपचार मिळाले ते पाहून तो म्हणाला, यापेक्षा चांगलं तर मी शेतात, हाताशी काही नसताना केलं. त्यातून १९७८ मध्ये पहिला कोर्स झाला आणि १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो उचलला. म्हणजे ज्याला आपण मोठ्या हॉस्पिटलांचं शास्त्र समजतो ते मुळात ग्रामीण रुग्णालयाच्या अडचणीतूनच जन्माला आलं. नंतर ते शहरात गेलं आणि तिथलंच झालं. (चाकरमान्यांसारखं. कृ. ह. घ्या.)

ओली_सुकट

चाकरमानी निदान गणपतीला तरी परत येतात हो :)

चिपळूणचा_पूर

अमेरिकेपर्यंत कशाला जाता? महाडला बघा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाचे पेशंट रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधला. १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याआधी विंचू चावलेली पोरं पटापट जायची. विंचवाच्या बाबतीत कोकणाने स्वतःचा उपाय शोधून जगाला दाखवला. जखमींच्या बाबतीत आपण अजून दुसऱ्यांची वही उतरवतोय.

फरक एवढाच, की त्यांनी प्रत्येक पेशंटचं लिहून ठेवलं. आपल्याकडे कोण किती वाजता आला, किती वाजता पुढे गेला, पुढे जगला की गेला, याची नोंद कुठे आहे?

पामर_परदेशी

@चिपळूणचा_पूर, अगदी. मुंबईतल्या केईएम आणि शीव हॉस्पिटलसह देशातल्या चार मोठ्या हॉस्पिटलांत २०१३ नंतर जखमींच्या अशा नोंदी पद्धतशीर ठेवल्या गेल्या, त्यावर बरेच शोधनिबंध निघाले. पण ती शहरं. घाटात तीन तास घालवून आलेला आंब्यावरचा गडी त्या आकड्यांत कितीसा असणार?

हातखंबा_वळण

मुळात पेशंट येतातच का ते बोला. २०११ पासून हायवे चौपदरी होतोय. हायवे नीट करा, तुमचं पान गुंडाळून ठेवता येईल.

रेवस_ते_रेडी

त्यात ठेकेदार आणि

संपादक

हायवेसाठी वेगळा धागा आहे, तो चारशे प्रतिसादांवर पोचला आहे, तिकडे जा. इथे उपचारांबद्दल लिहा. वरचा अर्धा प्रतिसाद आम्ही तोडला आहे.

बांगडो

आमच्या वाडयेत एक पाडेली माडावरसून पडलो. चौघांनी हातापायाक धरून उचलल्यानी आणि रिक्षेत बसवल्यानी. बसवल्यानी म्हणजे अक्षरशः बसवल्यानी, दोन्ही बाजूक दोघे टेकाक. वायच पाणी पाजल्यानी, कोणीतरी चाय पण आणल्यान. पाय कायमचे गेले तेचे. पडल्यामुळे गेले की रिक्षेमुळे, ता देवाक म्हायत. तुमच्या पानात गाववाल्यांसाठी पण दोन वळी घाला. आणि 'माड' लिवा, 'उंचीवरून पतन' लिवलास तर कोणाक कळाचा नाय.

डॉ_रानवट

@बांगडो, घालतो. झाडावरून पडलेल्याला बसवायचं नाही, आडवंच ठेवून फळी, दरवाजा जे मिळेल त्यावर घ्यायचं, डोकं-मान-धड एका रेषेत, तोंडाने काही द्यायचं नाही. दवाखान्यात आल्यावर मात्र फळीवरून काढायचं. घाटाचा प्रवास कडक फळीवर केला तर पाठीला व्रण पडतात, आणि ज्याला पाठीची संवेदनाच नाही त्याला ते कळतही नाही. मानेच्या कडक पट्ट्यांबद्दलही आता पूर्वीसारखी सक्ती उरलेली नाही, स्कँडिनेव्हियात तर त्या बऱ्याच मागे पडल्यात. शुद्धीवर असलेल्याला नीट समजावून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्याच्या गुंडाळ्या लावल्या तरी बरंच काम होतं.

आता मला खरा प्रश्न विचारायचाय तो ट्रॅनेक्झामिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारं औषध, द्यायचं की नाही याचा. आमच्या गटात यावरून दोन तट आहेत.

पामर_परदेशी

यात तट कसले? क्रॅश-२ नावाची चाचणी २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आली. ४० देश, २७४ हॉस्पिटलं, २०,२११ जखमी. औषधाने एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. पण खरी गोम वेळेत आहे. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ वर. तीन तासांनंतर दिलं तर उलटा प्रकार: औषध न दिलेल्यांत ३.१, दिलेल्यांत ४.४.

आणि हे तास दुखापतीपासून मोजायचे, दवाखान्यात आल्यापासून नव्हे. कुडाळकरीण यांच्या बाबांचा प्रवास आठवा. दुसऱ्या-तिसऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तीन तास उलटून गेलेले असतात. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या हातात हे औषध असूनही उपयोग नाही. ते पहिल्या दवाखान्यातच द्यायला हवं, नाहीतर नाही.

वॉर्ड_नंबर_३

आणि ते आपल्याकडे असतंच. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी लेबर रूमच्या ट्रॉलीवर ठेवलेलं असतं. कॅज्युअल्टीपासून वीस पावलं. पण "ते बाळंतिणीचं आहे" म्हणून कोणी हात लावत नाही. पानावर औषधाचं नाव लिहू नका नुसतं, कुठल्या कपाटात आहे ते लिहा.

डॉ_रानवट

सिस्टर, आमच्या गटात महिनाभर चाललेली चर्चा तुम्ही चार ओळींत संपवलीत.

शंभरआठ

डोस पण लिहा. १ ग्रॅम, दहा मिनिटांत हळू, शिरेतून. पुढचा १ ग्रॅम आठ तासांत, तो पुढच्या हॉस्पिटलने बघायचा. भसकन दिलं तर बीपी पडतं.

नवखा_एमओ

डोक्याच्या माराला पण द्यायचं का? आमच्याकडे डोक्याचा मार म्हटलं की सगळे डेक्सा (डेक्सामेथासोन, एक स्टिरॉइड) देतात.

पामर_परदेशी

डोक्याच्या मारावर क्रॅश-३ झाली, २०१९ मध्ये. सौम्य आणि मध्यम मारात लवकर दिल्याचा फायदा दिसला, अगदी गंभीर गटात दिसला नाही.

डेक्सा मात्र बंद करा. स्टिरॉइडचा फैसला २००४ मध्येच लागलाय. दहा हजारांवर पेशंट, स्टिरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के, न दिलेल्यांत १७.९. स्टिरॉइड चांगल्या हेतूने माणसं मारत होतं. वीस वर्षं झाली तरी तालुक्याच्या ठिकाणी ते चालू असेल तर पानावर "हे देऊ नका" अशी लाल चौकट हवीच.

जुना_सर्जन

डेक्साबद्दल सहमत, आम्हीही देत होतो, सगळेच देत होते. पण एका गोष्टीवर मी भांडणार. हल्ली "सलाईन कमी द्या, बीपी ८०-९० वर राहू द्या" हे फॅड आलंय. त्याचा उगम १९९४ चा ह्यूस्टनचा अभ्यास. पोटा-छातीत गोळी किंवा सुरा लागलेले ५९८ लोक, शहरातले, झटपट ऑपरेशन टेबलावर पोचलेले. तो निष्कर्ष उचलून अणुस्कुऱ्यात लावणार? तीन तास माणूस ८० बीपीवर ठेवलात तर किडनी जाईल, आणि डोक्याला मार असेल तर मेंदू जाईल.

डॉ_रानवट

सर, हा मुद्दा बिनतोड आहे आणि याच्यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. डोक्याला मार असेल तर वरचं बीपी ११० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे पानावर स्वतंत्र लिहिलंय. बाकीच्यांसाठी सध्या असं: मनगटाची नाडी लागते आणि पेशंट नीट बोलतो तोवर सलाईनचा मारा करायचा नाही. नाडी गेली किंवा बोलणं बरळायला लागलं तर २५० मिलीचे छोटे हप्ते, प्रत्येकानंतर परत बघायचं. दोन-दोन लिटर सलाईन ओतून, रक्त पातळ करून पाठवायचं नाही, एवढं तरी पटेल ना?

जुना_सर्जन

ते पटतं. हात लावून नाडी बघायला सांगितलीत म्हणून जास्त पटलं.

मोरीतला_इरूळ

मी सर्पमित्र आहे, वेगळी तक्रार. सापाने चावल्यावर आवळपट्टी बांधू नका हे सांगून आमचा घसा सुकला. अजून लोक सुंभाने हात आवळून काळानिळा करून आणतात. आणि आता तुम्ही रक्तस्रावाला घट्ट बांधा म्हणून लिहिणार? गावात एकच गोष्ट पोचते: "बांधायचं". कशाला बांधायचं हे वाटेत गळतं.

शंभरआठ

हा धोका खरा आहे. पण चिरेखाणीतल्या कटरने मांडी फाटली तर रक्त दाबून धरून थांबत नाही, माणूस दहा मिनिटांत संपतो. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर बांधण्याची पट्टी परत मानाने आली ती उगाच नाही. आता तर क्रमच बदललाय, उसळणारं रक्त आधी, श्वासनलिका नंतर.

माझ्या मते विभागून टाका. गावासाठी फक्त "दोन्ही हातांनी दाबून धरा, सोडून बघू नका". बांधायचं काम १०८ आणि दवाखान्याचं. दोन इंच तरी रुंद पट्टी, जखमेच्या वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत घट्ट, आणि बांधल्याची वेळ पेशंटच्या कपाळावर पेनाने. मधून मधून सैल करायची नाही.

मोरीतला_इरूळ

चिरेखाण आणि ट्रॉलरवाल्यांना मात्र शिकवा बांधायला. मिरकरवाड्यातून निघालेली बोट रात्री समुद्रात असेल तर तिकडे तुमची १०८ येणार नाही.

ओली_सुकट

गंभीर धाग्यात एक शंका. आमच्या आजीच्या हळद-चुन्याचं काय करायचं?

वॉर्ड_नंबर_३

हळद आजीच्या कढीत ठेवायची. मोडलेलं हाड बाहेर दिसतंय अशा जखमेवर हळद, कॉफी पावडर, मशेरी, सगळं पाहिलंय. ते धुवायला आम्हाला जो वेळ लागतो त्यात अँटिबायोटिक देऊन होतं. उघड्या हाडाला ते शक्यतो पहिल्या तासात गेलं पाहिजे. सलाईनने ओली केलेली स्वच्छ पट्टी, वर झाकण, धनुर्वाताचं इंजेक्शन, बस.

अजून एक, पावसाळ्यात पेशंट भिजून येतो आणि आपण त्याला तसाच ओला पंख्याखाली ठेवतो. कोकणात कुठली थंडी म्हणून. अंग गार पडलं की रक्त गोठत नाही. ओले कपडे कापून काढा, पंखा बंद, चादरी घाला. याला पैसे लागत नाहीत.

कुडाळकरीण

पैशांवरून आठवलं. मे २०२५ मध्ये केंद्राची योजना आली ना, रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता?

चिपळूणचा_पूर

आली, पण वाहन अपघातालाच. आंब्यावरून पडलात तर नाही. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाची योजना आहे, ती मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर. म्हणजे झाडावरून पडायचंच असेल तर खाली मोटारसायकलवर पडा.

पोलिसांचंही लिहा पानावर. "आधी पोलीस येऊ देत" हे अजून ऐकू येतं. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय, आधी उपचार, कागद नंतर. आणि जखमीला घेऊन येणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे, त्याला नावसुद्धा सांगायची सक्ती नाही.

नवखा_एमओ

"दारू प्यालाय, झोपू दे" यावर पण एक ओळ हवी. शिमग्यात हमखास होतं.

डॉ_रानवट

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, सुधारलेला मजकूर टाकतोय.

वर: पुढच्या हॉस्पिटलला आत्ताच फोन (खाली नंबर). दुखापतीची वेळ फळ्यावर लिहा. मग: उसळणारं रक्त दाबा, हातापायाचं थांबत नसेल तर पट्टी बांधा आणि वेळ लिहा. श्वास, ऑक्सिजन. कंबरेचं हाड मोडल्याचा संशय असेल तर खुब्यांच्या उंचीवर चादर घट्ट बांधा, कमरेवर नाही. रक्तस्राव वाटतोय आणि तीन तास झाले नाहीत तर ट्रॅनेक्झामिक १ ग्रॅम दहा मिनिटांत, लेबर रूमचं कपाट, वरून दुसरा कप्पा. सलाईन नाडी बघून. डोक्याला मार असेल तर बीपी ११०, डेक्सा नाही. प्यायलेला माणूस हा डोक्याला मार लागलेलाच समजा, दर पंधरा मिनिटांनी हाक मारून बघा. ओले कपडे काढा. उघड्या हाडाला अँटिबायोटिक. आणि लाल चौकटीत: एक्सरेसाठी, पोलिसांसाठी, पैशांसाठी, नातेवाईक जमेपर्यंत थांबायचं नाही. मागच्या बाजूला वेळेच्या रकान्यांची चिठ्ठी, कार्बन प्रतीसह.

नोंदीचं असं ठरतंय: मातामृत्यू झाला की आपण प्रत्येकाचा आढावा घेतो, तसा जखमीच्या मृत्यूचाही दर महिन्याला घ्यायचा. कोणाला दोष द्यायला नाही, पान कुठे चुकतंय ते बघायला. सहा महिन्यांनी पान बदलायचं.

जुना_सर्जन

आढाव्याला मला बोलवा. फुकट येईन. चहा चांगला ठेवा.

शंभरआठ

मजकूर छान. पण पुढे पाठवलेल्या पेशंटचं काय झालं हे तुम्हाला कळणार कसं? आम्ही सोडून येतो, पुढचं आम्हालाही माहीत नसतं.

डॉ_रानवट

त्यासाठी चिठ्ठीवर नातेवाईकाचा नंबर घेतोय, सातव्या दिवशी आमची आशाताई फोन करणार. मोठ्या हॉस्पिटलांकडून माहिती मिळण्याची वाट बघितली तर निवृत्त होईन.

वॉर्ड_नंबर_३

अक्षर मोठं ठेवा, निदान चार फुटांवरून दिसेल एवढं. आणि ट्रॉलीच्या डावीकडे लावू नका, तिथे ऑक्सिजनचा सिलिंडर येतो.

बांगडो

गाववाल्यांच्या दोन वळी खय गेल्यो?

डॉ_रानवट

त्यांचं वेगळं पोस्टर करतोय, माडाच्या चित्रासह. मालवणी मजकूर तुम्हीच लिहून द्या, रविवारपर्यंत.